१८ हजार चाललेली की ७१ हजार चाललेली? जुनी ऑडी टीटी घ्यायची आहे, सल्ला हवा

विश्वामित्रीकाठची (वडोदरा)

नमस्कार मंडळी,

दोन गाड्या समोर आहेत आणि गेले तीन आठवडे झोपेतही त्याच दिसतायत. दोन्ही ऑडी टीटी, दोन्ही २०१६ च्या, तेच दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० हॉर्सपॉवर, क्वाट्रो (म्हणजे चारही चाकांना ताकद), सहा गिअरची ड्युअल क्लच पेटी. फरक रनिंगचा.

पहिली रुपेरी. इथलीच, जीजे ०६. फक्त १८,४०० किलोमीटर. अकोट्यात एका व्यापारी घरातली, दुसरा मालक. अशा आणखी दोन-तीन गाड्या घरात असल्यामुळे ही बहुतेक तळघरातल्या पार्किंगमध्ये झाकून असायची. रंगाला एक चरा नाही, सीटवर सुरकुती नाही. सर्व्हिसच्या नोंदी २०१९ पर्यंत नीट आहेत, मग एकदम २०२२ ची एक, त्यानंतर काही नाही. मागतायत ३९ लाख.

दुसरी लाल. पुण्याची, एमएच १२, ७१,२०० किलोमीटर. एका डॉक्टरांची, पहिलाच मालक. ते दर महिन्याला पुण्याहून कोल्हापूरला जाऊन ऑपरेशनं करायचे, बरेचसे किलोमीटर त्या रस्त्यावरचे. बिलांची फाइल त्यांनी फोटो काढून पाठवली, अकरा बिलं आहेत. मागचा बंपर एकदा रंगवलेला आहे, तेही त्यांनी आपणहून सांगितलं. मागतायत साडेएकतीस लाख.

माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे प्रश्न कळेल. मी नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात फिरत्या यंत्रांच्या देखभालीला आहे. पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर. बावीस वर्षं झाली. बाबांची प्रीमियर पद्मिनी होती, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या दारात उभी असायची, तिच्यावरच गाडी शिकले. दोन दारांची, रस्त्याला चिकटून धावणारी गाडी एकदा तरी आपली असावी हे तेव्हापासून मनात आहे. आता मुलगी नोकरीला लागली, घराचं कर्ज फिटलं. सापुताऱ्याच्या घाटात पहाटे ही गाडी चालवायची आहे. ३५ ते ४० लाखांत सगळं बसवायचं, आणि निदान सहा-सात वर्षं ठेवायची.

आता माझी अडचण. घरचे सगळे म्हणतात, डोळे झाकून रुपेरी घे. धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, एकाहत्तर हजार ऐकूनच विकताना गिऱ्हाईक फिरकणार नाही." पण माझ्या कामाने मला वेगळंच शिकवलंय. आमच्याकडे प्रत्येक महत्त्वाच्या पंपाला एक जोडीदार असतो, स्टँडबाय. तो नुसता उभा. तरी दर सोमवारी आमचा फिटर जाऊन त्याचा शाफ्ट हाताने फिरवून ठेवतो, कारण बेअरिंगचे गोळे महिनोन् महिने एकाच जागी बसले आणि शेजारच्या चालत्या पंपाची थरथर त्यांना लागत राहिली की त्या जागी रेसवर, म्हणजे गोळे ज्या कड्यात फिरतात तिच्यावर, बारीक खळगे पडतात. सीलचे एकमेकांवर घासणारे दोन पृष्ठभाग चिकटून बसतात. "एकही तास चाललेला नाही, नवाकोरा आहे" असा पंप सुरू केल्यावर पंधरा मिनिटांत सील सोडून बसलेला मी तीनदा पाहिलाय. आणि शेजारचा, वर्षाला आठ हजार तास चालणारा, वेळेवर तेल मिळणारा पंप शांतपणे चालू असतो.

नऊ वर्षांत १८ हजार म्हणजे वर्षाला दोन हजार. महिन्याला पावणेदोनशे. हे ऐकून तुम्हाला आनंद होतो की काळजी वाटते? पंपाचा नियम गाडीला लागू होतो का, की मी माझ्याच धंद्याच्या चष्म्यातून बघतेय? ज्यांनी अशा गाड्या घेतल्यात किंवा दुरुस्त केल्यात त्यांनी कृपया लिहा.

---

राजवाडा_इंदूर

मॅडम, मी तुमच्या भावाच्या बाजूने.

माझ्याकडे आधी एक जर्मन कूपे होती, २२,००० चाललेली. विकायला काढली, दहा दिवसांत गेली. मित्राची तीच गाडी, तेच वर्ष, ६८,००० रनिंग, सात महिने पडून होती आणि शेवटी किती खाली आला ते सांगत नाही. फोन करणाऱ्याचा पहिला प्रश्न रनिंगचा असतो. फाइल बघायला तो येतच नाही. आज तुम्ही साडेसात लाख वाचवाल, विकताना त्यातले बरेच परत द्याल.

दुसरं, स्पोर्ट्स कार कोणी हळू चालवायला घेत नाही. ७१ हजारांतले किती किलोमीटर सिग्नलवरून झेप घेण्यात गेले? इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली होती का? या इंजिनांवर हा प्रकार फार चालतो. विकायच्या आधी मूळ सॉफ्टवेअर परत भरून देतात, मालक बोलतही नाही. पुण्याला गेलात तर अधिकृत वर्कशॉपच्या संगणकाला गाडी लावल्याशिवाय पैसे देऊ नका, तिथे फेरफाराची खूण सापडू शकते.

रुपेरी घ्या, पण ३९ ला नाही. ३५ वर अडून बसा.

---

पान्हा_मकरपुरा (वडोदरा)

ताई, तुमचा पंपाचा नियम गाडीला शंभर टक्के लागू होतो. मी मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) सव्वीस वर्षं गॅरेज चालवतो, त्यातली शेवटची चौदा वर्षं बहुतेक जर्मन गाड्याच. जरा सविस्तर लिहितो.

गाडीत दोन प्रकारची झीज असते. एक चाकांच्या फेऱ्यांची: शॉकअप, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, ब्रेक पॅड, क्लचच्या चकत्या, सीटची कड. दुसरी कॅलेंडरची: टायर, रबरी होज, बुश (सांध्यांतले रबर), सगळी सील, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी, टाकीतलं पेट्रोल. मीटर फक्त पहिली मोजतं. तुमची रुपेरी पहिल्या बाबतीत दोन वर्षांची आहे आणि दुसऱ्या बाबतीत पुरती नऊ वर्षांची. लोक पैसे मात्र दोन वर्षांच्या हिशोबाने मोजतात.

टायरपासून सुरू करा. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. रुपेरीवर कंपनीतून आलेलेच टायर असतील तर तिथे १५ किंवा १६ दिसेल. खाचा भरपूर असतील, मालक बोट घालून दाखवेल. पण रबर वयाने कडक होतं आणि बाजूच्या भिंतीला केसासारख्या भेगा पडतात. दहा वर्षांच्या पुढे कितीही खाचा असल्या तरी टायर वापरू नये असं टायर कंपन्या स्वतःच सांगतात, आणि मी तर सहाव्या वर्षापासून दरवर्षी तपासायला लावतो. अशा टायरवर एक्सप्रेस वेला लागून शंभरने अहमदाबाद गाठायचं म्हणजे ९३ किलोमीटर जीव मुठीत. चार टायरांचे लाखभर धरून ठेवा.

मग ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. २०२२ नंतर नोंदच नाही म्हणजे बदललेलं नाही असंच धरा. ओल शोषलेलं ऑइल घाटात ब्रेक तापले की उकळतं आणि पेडल खाली जातं. सापुताऱ्याचं नाव काढलंत म्हणून मुद्दाम सांगतोय.

क्वाट्रोचं आता. टीटीचं इंजिन आडवं बसवलेलं आहे, त्यामुळे मागच्या चाकांना ताकद पोचवायला मागे हॅल्डेक्स नावाचा कपलिंग असतो. त्यात तेल असतं, एक छोटा विजेचा पंप असतो, आणि त्या पंपाच्या तोंडाशी जाळी. ते तेल दर तीन वर्षांनी बदलायचं, आणि त्याच वेळी पंप काढून जाळी धुवायची. नुसतं तेल बदललं आणि जाळीला हात लावला नाही तर आतल्या चकत्यांचा चुरा तिथे साचतो, पंप गुदमरतो, मग जळतो. गंमत नाही ताई, गाडी त्यानंतरही छान चालते! फक्त पुढच्या चाकांवर चालते. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. दोन्ही गाड्यांना विचारा: हॅल्डेक्सचं तेल कधी, किती वेळा, जाळी धुतली का.

गिअर पेटी या मॉडेलला तेलात बुडालेल्या क्लचची आहे, ती चांगली. तिचं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला. पुण्याच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये हे बिल शोधा. असेल तर माणूस गाडी सांभाळणारा आहे, नसेल तर बाकीच्या दहा बिलांना अर्थ नाही. स्पार्क प्लगही त्याच सुमारास.

आणि तळघरातल्या गाडीला लोक एक प्रेम करतात ते सगळ्यात वाईट. ड्रायव्हर रविवारी खाली जातो, गाडी सुरू करतो, पाच मिनिटं उभ्या उभ्या चालवतो, बंद करतो. इंजिन गरम होतच नाही. जळलेल्या पेट्रोलमधलं पाणी आणि न जळलेलं थोडं पेट्रोल खाली तेलात उतरतं, आणि तेल पूर्ण तापत नाही म्हणून ते उडून जात नाही. ऑइलची कांडी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर समजा. एग्झॉस्टमध्येही पाणी साचून आतून गंज. त्यापेक्षा महिनाभर हात लावला नसता तरी बरं. चालवायची तर हालोलपर्यंत नेऊन आणायची.

हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने यात भर घातलीय. इथेनॉल पाणी ओढून घेतं. रोज धावणाऱ्या गाडीत टाकी आठवड्यात रिकामी होते, काही बिघडत नाही. चार-चार महिने तेच पेट्रोल टाकीत राहिलं तर पाणी खाली वेगळं बसू शकतं. आणि २०१६ ची गाडी त्या पेट्रोलचा विचार करून बनलेली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे इथे कुणी विचारलं नाही. अकोटा, तळघर. ताई, ऑगस्ट २०२४!

विश्वामित्री नदीचं पाणी ज्या आठवड्यात शहरात शिरलं, त्यानंतर चार महिने माझ्याकडे दुसरं काम नव्हतं. टोइंगच्या गाड्या रांगेने उभ्या. त्यातल्या कितीतरी गाड्या विम्याने 'पूर्ण नुकसान' ठरवल्या, कुणीतरी भंगाराच्या भावात उचलल्या, धुऊन-पुसून परत बाजारात आल्या. सुगंधी फवारा मारलेली, चकाचक, कमी रनिंगची गाडी इथे दिसली की माझा हात आधी सीटबेल्टकडे जातो. पट्टा पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची पुसट रेघ राहते. मग पुढच्या सीटखालचे रूळ आणि त्यांचे बोल्ट, तिथे गंज. डिकीतला गालिचा उचलून खालच्या खळग्याचे कोपरे. फ्यूजच्या डब्यातल्या पिनांवर हिरवट थर. दिव्यांच्या काचेच्या आत धुक्यासारखी ओल. आणि विम्याचा क्लेम इतिहास लेखी मागा.

पुराची निघाली तर फुकट दिली तरी नको. नसेल तर रुपेरी वाईट गाडी नाही, फक्त तिच्यावर ताबडतोब अडीच-तीन लाख घालायचे आहेत असं समजून भाव करा. दोन्ही गाड्या लिफ्टवर घेतल्याशिवाय ठरवू नका. रुपेरी माझ्याकडे आणायची असेल तर कधीही आणा.

---

विश्वामित्रीकाठची (वडोदरा)

पान्हादादा, मनापासून आभार. पुराचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता याची मला लाज वाटली. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये छातीभर पाणी होतं, मी स्वतः पाहिलंय, आणि तरी ती चकाकणारी गाडी बघताना मी सगळं विसरले.

इंदूरकरांचा विकायचा मुद्दाही खरा आहे. पण मी ती सात वर्षांनी विकणार. तेव्हा गाडी सोळा वर्षांची असेल, पंधरा वर्षांची नोंदणी संपून फिटनेस आणि फेरनोंदणी झालेली. त्या वयात २५ हजार आणि सव्वा लाख यांत आज आहे तितका फरक उरेल का, याची मला शंका वाटते.

---

लष्करवाला_ग्वाल्हेर

मी कमी रनिंगने एकदा पोळलोय, म्हणून लिहितो.

ग्वाल्हेरला दिल्लीच्या गाड्या ढिगाने येतात. दिल्लीत पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची आणि डिझेलला दहाची मर्यादा आली तेव्हापासून तिथला जुना माल इकडे उतरतो, आणि स्वस्त मिळतो. २०२१ मध्ये मी तिथल्या एका विक्रेत्याकडून दोन सीटची एक गाडी घेतली. मीटरवर ११,३००. कागद स्वच्छ, गाडी चमकदार. तीन महिन्यांनी एक सेन्सर बिघडला म्हणून स्कॅनर लावला. जुन्या बिघाडांच्या यादीत, प्रत्येक बिघाड किती किलोमीटरला झाला तेही लिहिलेलं होतं. एक ४६,००० वर. दुसरा ५२,००० वर. मीटर मागे फिरवणाऱ्याने डॅशबोर्डचा आकडा बदलला होता, इंजिन आणि गिअरच्या कॉम्प्युटरमधले आकडे तसेच राहिले होते.

विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. मी चार महिने दिल्लीच्या चकरा मारल्या. एक रुपया मिळाला नाही.

तेव्हा ताई, स्कॅनर लावाच, आणि नुसते चालू बिघाड बघू नका. जुन्या नोंदी, त्यांच्यापुढचे किलोमीटर, सगळं उतरवून घ्या. डोळ्यांनीही कळतं. अकरा हजार चाललेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत नसतं, स्टिअरिंगचं चामडं घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी चकाकत नाही, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबलेली नसते. माझ्या गाडीत तिन्ही होतं. मी बघितलं आणि मनाला समजावलं, कारण मला ती गाडी हवी होती.

---

जुना_फतेगंजकर (वडोदरा)

कमी किलोमीटर म्हणजे दुर्लक्षित गाडी, असं इथे जणू ठरूनच गेलंय. ते बरोबर नाही. माझी दोन दारांची गाडी अकरा वर्षांत २१,००० चाललीय. निवृत्त माणूस, दुसरीकडे जायचं कुठे? दर रविवारी सकाळी सहाला निघतो, हालोलच्या पुढे पावागडच्या पायथ्याशी चहा घेतो, परत येतो. शंभराच्या आत-बाहेर, इंजिन पूर्ण गरम. ज्या रविवारी पाऊस असतो त्या रविवारी नाही. ऑइल दरवर्षी बदलतो, मग दोन हजार चालो की अडीच. टायर २०२१ मध्ये बदलले, तेव्हा खाचा अर्ध्याहून जास्त शिल्लक होत्या आणि दुकानदार मला वेड्यात काढत होता. सगळं एका वहीत लिहिलेलं आहे, तारखेसकट.

अशी गाडी मिळाली तर ७१ हजारांच्या गाडीपेक्षा ती केव्हाही सरस. शॉकअप, स्टिअरिंगचे सांधे, गिअर, सगळं जवळजवळ नवं असतं आणि चालवताना ते हाताला जाणवतं. लक्ष्मी विलास पॅलेसवर जानेवारी २०२३ मध्ये जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं ते मी पाहिलं. तिथल्या गाड्यांना वयाने ऐंशी-नव्वद वर्षं झालेली, आणि स्वतःच्या इंजिनावर चालत होत्या. कोणीतरी त्यांना सतत हलतं ठेवलं म्हणूनच ना?

विश्वामित्रीकाठची ताई, रुपेरीच्या मालकाला वही मागा. वही नसेल तर माझा आग्रह नाही.

---

विश्वामित्रीकाठची (वडोदरा)

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत म्हणून काय झालं ते नीट सांगते.

रुपेरी आधी. मालकाने एका शनिवारी गाडी पान्हादादांकडे आणू दिली, स्वतःही आला. पट्टे ओढले, स्वच्छ. गालिचा उचलला, खाली कोरडं आणि कंपनीचा मूळ गोंद जसाच्या तसा. सीटचे रूळ चकचकीत. पाणी वाढायच्या आदल्या रात्री गाडी त्याने हरणीकडे उंचावर नातेवाइकांच्या घरी नेऊन ठेवली होती, तो फोटो त्याच्या फोनमध्ये तारखेसकट होता. स्कॅनरवरचे आकडेही मीटरशी जुळले. गाडी अगदी प्रामाणिक. मला त्या माणसाबद्दल जे वाटत होतं त्याचं वाईट वाटलं.

पण उभी होती हे जागोजागी दिसलं. टायरवर ३४१५, म्हणजे ऑगस्ट २०१५ चे. मागच्या दोन्हींच्या भिंतीवर बारीक भेगा. ब्रेक ऑइल चहासारखं. मागच्या डिस्कच्या कडेला गंजाची पापुद्र्यासारखी कड, नख लावलं की सुटत होती. ऑइलच्या कांडीला पेट्रोलचा स्पष्ट वास, बघा, दादांनी लिहिलं होतं तसाच. रस्त्यावर पहिले सात-आठ किलोमीटर गाडी हलकेच धडधडत होती, टायर एकाच जागी दबून चपटे झाल्यामुळे. मग लिफ्टवर घेऊन हॅल्डेक्सच्या पंपाला स्कॅनरवरून हुकूम दिला. काही आवाज नाही. परत दिला. मी खाली उभी राहून कपलिंगला हात लावून होते, बावीस वर्षं पंपांना असाच हात लावतेय. काहीच फिरत नव्हतं. तेल कधी बदललंय याचा कागद नाही. ती रुपेरी, क्वाट्रो लिहिलेली गाडी किती वर्षं दोन चाकांवर चालत होती कोण जाणे.

दादांनी कागदावर हिशोब मांडला: टायर, चारही डिस्क आणि पॅड, हॅल्डेक्सचा पंप आणि तेल, गिअरचं तेल, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी, टाकी रिकामी करून धुणं. ३ लाख १० हजार. मालक ३९ वरून ३७ वर आला, त्याच्या खाली नाही म्हणाला. त्याचंही खरं होतं, एवढं कमी रनिंग त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळवून देईल.

मग रात्रीच्या रेल्वेने पुणे. डॉक्टरांनी फाइल टेबलावर ठेवली आणि चहा आणायला आत गेले, म्हणजे मी निवांत वाचावी. गिअरचं तेल आणि फिल्टर ५८,९०० ला. हॅल्डेक्स दोनदा, आणि दुसऱ्या बिलावर 'पंप काढून जाळी साफ' असं हाताने लिहिलेलं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. टायर २०२३ चे. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी लावली, सॉफ्टवेअरमध्ये फेरफार नाही. हॅल्डेक्सच्या पंपाला हुकूम दिला तर तो लगेच गुणगुणला. तो आवाज ऐकून मला खरंच बरं वाटलं.

दोष होते. स्पीडब्रेकरवर पुढून ठक असा आवाज, खालच्या आर्मचे बुश गेलेले. बॉनेटवर दगडांचे बारीक टवके, हायवेच्या गाडीला असतातच. ड्रायव्हरच्या सीटच्या कडेचं चामडं फाटायला आलेलं. शॉकअप अजून वर्षभर चालतील, मग बदलावे लागतील. फतेगंजकर काका म्हणतात तसं स्टिअरिंग रुपेरीचं जास्त घट्ट होतं, ते मी नाकारणार नाही. पण डॉक्टरांबरोबर खंबाटकी घाटापर्यंत जाऊन आले, आणि परतताना मी चालवत होते. दुसऱ्या वळणाला मागची चाकं गाडीला आतून ढकलतायत हे पाठीला कळलं. रुपेरीत ते नव्हतं, आणि तेव्हा मला काय नाही तेही कळलं नव्हतं.

३० लाख ७५ हजारांना ठरलं. पुण्याच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, यायला बारा दिवस लागले. इकडे परत रोड टॅक्स भरायचा आहे, नवा नंबर घ्यायचा आहे, विमा चौदा दिवसांत नावावर करून घेतला. नऊ वर्षांच्या गाडीला शून्य घसाऱ्याची (बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारी) पॉलिसी कुणी दिली नाही, तेव्हा उरलेल्या पैशांतले चार लाख मुदत ठेवीत गाडीच्याच नावाने बाजूला ठेवलेत. इंदूरकर, विकताना कमी येतील ते त्यातूनच धरलंय मी.

बुश पान्हादादांनी गेल्या मंगळवारी बदलले. काल पहाटे पाचला निघून एक्सप्रेस वेने आणंदपर्यंत जाऊन आले, ऑइल पूर्ण तापेपर्यंत. आई शेजारी बसली होती. पद्मिनीत बाबांच्या शेजारी बसायची तशीच, हातात थर्मास. सापुतारा पाऊस संपला की.

रुपेरी अजून अकोट्यातच आहे, मालकाने मला सांगायला सांगितलंय. जो घेईल त्याने आधी टायर बदलावेत आणि मगच ती एक्सप्रेस वेवर न्यावी. हॅल्डेक्सच्या पंपाचं मी त्यांना लिहून दिलंय, तो कागद मागून घ्या.